गळ घालण्याआधी

मराठीत ‘गळ घालणे’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत. एक, पाण्यात गळ सोडून माशाची वाट बघत बसणं. दुसरा, एखाद्याच्या मागं लागून, त्याच्या नाकदुऱ्या काढून त्याला हो म्हणायला लावणं. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात याचं कोडं कुणा भाषापंडिताला पडलं असेल, तर त्यानं एखाद्या रविवारी गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही तलावावर यावं. इथं आधी दुसऱ्या अर्थानं गळ घालावी लागते. मग पहिल्या अर्थानं घालायला मिळतो. पुष्कळदा पहिल्याची वेळच येत नाही.

आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. भाऊ वेगळे निघाले की भांडीकुंडी वाटून घेतात, तसे तलाव वाटले गेले. आमच्या वाट्याला चौदाशेच्या आसपास ‘मामा’ तलाव आले. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, कुणा मामानं बांधले असतील. तसं नाही. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्वी गावाचा सारा वसूल करणारा मालगुजार तलावाचाही धनी असायचा. १९५१ साली मालगुजारी गेली, मालगुजार ‘माजी’ झाला, तलाव सरकारी झाला आणि सरकारी कागदावर त्या लांबलचक नावाचं आखूड होऊन ‘मामा’ झालं. एकदा मामा म्हटल्यावर गावातला प्रत्येक जण भाचा. मामाच्या घरी भाचा परवानगी विचारून लाडू खातो का?

हे तलाव मुळात बांधले कुणी, तर मुख्यतः कोहळी समाजानं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. पुढं लोकांनी कोलूचा कोलासुर देव केला. तलाव बांधणाऱ्याचा आमच्याकडं देव होतो. त्यात गाळ साचू देणाऱ्यांचं काय होतं, ते सहसा पुढच्या निवडणुकीत कळतं.

आता या मामाचा मालक कोण, ते नीट समजून घ्या. पाण्यावर पाळीखालच्या धानवाल्यांचा हक्क; तुडूम उघडला की त्यांच्या बांध्या भिजल्या पाहिजेत. पाण्यातल्या मासोळीवर ठेका घेतलेल्या ढिवर बांधवांच्या सोसायटीचा हक्क. शिंगाड्याच्या वेलावर ज्यानं तो लावला त्याचा. पाणी आटून उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करणाऱ्याचा डोळा. गुरं पाणी पितात, बाया धुणी धुतात, पोरं डुंबतात, तो निस्ताराचा हक्क. तो तर जुन्या कागदांतही लिहिलेला. हिवाळ्यात दूरदेशीची बदकं येतात, ती कुणाला विचारत नाहीत. सारसाची जोडी उतरली तर तलावाचाच मान वाढतो, कारण महाराष्ट्रात उरलेले सारस जवळजवळ सगळे आमच्याच जिल्ह्यात आहेत. या सगळ्या यादीत रविवारी सकाळी स्कूटरला गळ बांधून येणाऱ्या हौशी माणसाचं नाव कुठंच नाही.

तो माणूस म्हणजे मी.

माझा गळ ऑनलाइन मागवलेला होता. कार्बन फायबरची काठी, चकचकीत रीळ, आणि सोबत अठरा भाषांतलं माहितीपत्रक, ज्यात मराठी नव्हती. पाळीवर सोसायटीचा पत्र्याचा फलक होता. त्यावरचा मजकूर पावसानं आणि गुराखी पोरांच्या दगडांनी असा काही संपादित केला होता की ‘येथे मासे... सक्त... आहे’ एवढाच उरला होता. मधे ‘मारण्यास मनाई’ असणार हे मला कळत होतं. पण संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, या न्यायानं मी तो वाक्प्रचार स्वागतपर आहे असं धरलं आणि काठी उलगडली.

पाच मिनिटांत मागं बिडीचा वास आला. वळून पाहिलं तर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक म्हातारा उकिडवा बसलेला. केव्हा आला, कुठून आला, पत्ता नाही. नंतर कळलं, हा सोसायटीचा राखणदार. गाव त्याला बाबाजी म्हणतं, मीही तेच म्हणू लागलो.

“पावने कोनाकडचे जी?”

पोलिसांनी ‘नाव काय’ विचारलेलं परवडतं. ‘कोणाकडचे’ या प्रश्नाला नुसतं नाव चालत नाही, नातं लागतं.

“मी गोंदियाचा.”

“गोंद्यावरून मासोरी धराले आले? तिथच्या बजारात सरली का?”

मग मी दुसऱ्या अर्थानं गळ घालायला सुरुवात केली. मी मासे विकणारा नाही, खाण्यासाठीही आलेलो नाही, हा निव्वळ शौक आहे, असं समजावलं. बाबाजीनं ‘शौक’ हा शब्द जिभेवर घोळवून पाहिला. मी आणखी सुधारक झालो. म्हटलं, “आम्ही पकडतो, फोटो काढतो आणि परत सोडून देतो. परदेशात तशीच रीत आहे.”

बाबाजी एक आख्खी बिडी गप्प राहिला. मग म्हणाला, “मंग तिले बलावता कायले?”

मला उत्तर सुचेना. त्यानं प्रकरण आणखी सोपं करून सांगितलं. “पावन्याले जेवाले बलावाचं, घास दाखवाचा, तोंडात खिळा ठोकाचा, फोटो काढाचा अन् म्हनाचं, या आता. असा पावनचार आमच्या गावात नाई जी.”

माशाला पकडून सोडण्यावर देशोदेशीच्या प्राणिप्रेमींनी बरंच लिहिलं असेल. पण इतक्या थोड्या शब्दांत निकाल लागलेला मी दुसरीकडं पाहिला नाही.

खरं तर हा शौक काही साहेबांनी आणलेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं एक स्वतंत्र प्रकरण आहे: मासे कोणते, त्यांना काय खाऊ घालायचं, दोर कसला घ्यायचा, गळ कसा टाकायचा. इंग्लंडात आयझॅक वॉल्टननं गळाच्या छंदावरचं आपलं गाजलेलं पुस्तक काढलं ते १६५३ साली, म्हणजे पाचशे वर्षं उशिरा. मुंबईत पवई तलावावर हौशी गळवाल्यांची रीतसर संघटना आहे. सभासद व्हा, नियम पाळा, बसा. मी हा सगळा इतिहास बाबाजीला सांगितला. त्यानं राजाची गोष्ट तेवढी लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, “राजाले पावती लागत नसंन, नाई?”

तर पावती. हा पहिला नियम. पावती म्हणजे छापील कागदच हवा असं नाही. सोसायटीच्या लोकांना विचारणं, त्यांनी हो म्हणणं आणि ते गावातल्या दोघांनी ऐकलेलं असणं, म्हणजे पावती. माझी पावती फाटायला तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी माझ्या मामीचं माहेर शेजारच्याच गावात निघालं आणि मामाच्या तलावावर माझा प्रवेश मामीच्या खात्यातून झाला.

पावती का लागते, हे मला आधी कळत नव्हतं. तलावातला मासा निसर्गानं दिलेला, त्याला पावती कसली? बाबाजीनं बोटानं पाणी दाखवत तीन मजल्यांची चाळ समजावून सांगितली. वरच्या मजल्यावर कतला राहतो, मधल्यावर रोहू, आणि तळमजल्यावर चिखलाशेजारी मृगळ. तिघे आपापल्या मजल्यावर जेवतात, त्यामुळं एकाच तलावात भांडण न होता वाढतात. पण या तिघांचा एक नखरा आहे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना वाहती नदी, पूर, असा थाट लागतो. म्हणून सोसायटीला दर पावसाळ्यात मत्स्यबीज विकत आणून सोडावं लागतं. बोटाएवढी ती पिल्लं, त्यांना बोटुकली म्हणतात. म्हणजे तलावातली प्रत्येक रोहू ही कुणाच्या तरी वहीत मांडलेला खर्च आहे. धानाच्या बांधीत शिरून चार लोंब्या तोडल्या आणि ‘शौक’ म्हटलं तर शेतकरी जे करील, तेच ढिवरानं का करू नये? त्यामुळं माझ्या पावतीचा अर्थ असा ठरला: रोहू-कतला लागलाच तर तो सोसायटीच्या टोपल्यात. तिलापिया, बारीकसारीक मासोळी, नशिबात असेल तर मरळ, हे माझं.

दुसरा नियम जागेचा. तलावाची पाळ लांबच लांब दिसते, पण ती रिकामी नसते. तुडुमाजवळच्या दगडावर एकच माणूस बसतो. त्याच्या आधी तिथं त्याचा बाप बसायचा. वाकलेल्या जांभळीखाली निवृत्त मास्तर. त्यापुढचा उतार बायांच्या धुण्याचा. तिकडं गळ घेऊन जाणं दूरच, तोंड करून बसायचं नाही. पुढं म्हशी उतरण्याची वाट. तिथं कुणीच बसत नाही म्हणून मी बसलो. म्हशींनी मला कोणताही नियम सांगितला नाही. त्या फक्त आल्या. कार्बन फायबर लवतं पण मोडत नाही असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते लिहिणाऱ्यानं म्हैस पाहिलेली नव्हती.

तेव्हापासून मी बांबूची काठी वापरतो.

तिसरा नियम बोलण्याचा. पाळीवरून जाणारा प्रत्येक जण विचारतो, “लागली का?” विचारणं हा त्याचा हक्क आहे. उत्तर ठरलेलं आहे: “नाई जी.” पिशवीत चार मासे तडफडत असले, पिशवी स्वतःहून पाळीवरून घसरत चालली असली, तरी उत्तर हेच. विचारणारा पिशवीकडं बघतो, मान डोलावतो आणि “लागन, लागन” म्हणून पुढं जातो. यात खोटेपणा नाही, शिष्टाचार आहे. ‘हो, चार लागल्या’ असं खरं सांगणारा माणूस असंस्कृत समजला जातो. एकतर त्याला गर्व झालेला असतो, नाहीतर पुढच्या रविवारी त्याच्या जागेवर तीन माणसं बसलेली असतात.

आमिषाबद्दल तर विचारायचंच नाही. एखाद्याला त्याचा पगार विचारावा, सासरकडून काय मिळालं ते विचारावं, पण कणकेच्या गोळ्यात काय मळलंय हे विचारू नये. आमच्या जिल्ह्यात गल्लोगल्ली राइस मिल असल्यामुळं कोंड्याला तोटा नाही. कुणी त्यात भाजलेल्या शेंगदाण्याची ढेप मिसळतो, कुणी हिंग. मास्तर त्यात काय घालतात हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की घरातलं साजूक तूप रविवारी कमी होतं.

चौथा नियम मला कायद्यातून नाही, मरळीकडून कळला.

श्रावणातली सकाळ होती. पहिल्या पावसाची चढण होऊन गेलेली. ओढ्यानालीतून धानात शिरणारे चढणीचे मासे धरायला त्या दिवसांत आख्खं गाव मच्छरदाण्या घेऊन रस्त्यावर उतरतं, तो गोंधळ निवला होता. तलाव तुडुंब. काठच्या गवताजवळ पाण्यावर कुणी मूठभर कुंकू सांडावं तसा एक तांबूस डाग दिसला. डाग हलत होता. नीट पाहिलं तर शेकडो इवली पिल्लं एकत्र गोळा होऊन वर श्वास घ्यायला येत होती, पुन्हा बुडत होती. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कुठंतरी ऐकलं होतं की अशा पिल्लांच्या खाली मरळ असते आणि तिच्यासमोर काहीही टाकलं तरी ती झडप घालते. मी रबराचा बेडूक काढला. डागाच्या पलीकडं टाकला, खेचत आणला. पाणी फुटलं. काठी वाकली. सापासारखं डोकं, काळपट हिरवी पाठ, हातभर लांब मरळ पाळीवर आपटायला लागली.

मी विजयानं मागं वळलो. बाबाजीच्या तोंडात न पेटवलेली बिडी होती. तो माझ्याकडं बघत नव्हता, पाण्याकडं बघत होता. तांबडा डाग आता एकसंध राहिला नव्हता. तो पसरत चालला होता आणि एका बाजूनं बारीक मासे त्यात घुसले होते.

“थे भुकेली नोती जी,” तो म्हणाला. “राखन करत होती.”

मरळ पिल्लांना सोडत नाही. पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत आईबाप त्यांच्याखाली पहारा देतात आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातात. माझा बेडूक तिनं खाण्यासाठी धरलाच नव्हता, हाकलण्यासाठी धरला होता. आणि मी त्याला माझं कौशल्य समजत होतो. बाबाजीनं ओल्या हातानं गळ काढला, मरळीला पाण्यात उभी धरली, तिनं झटका दिल्यावर सोडली. ती सरळ त्या विखुरलेल्या डागाकडं गेली. पाच-सात मिनिटांनी डाग पुन्हा गोळा झाला. तेवढा वेळ आम्ही दोघं बिडी ओढत होतो. मी बिडी ओढत नाही.

पकडून सोडण्याला हसणाऱ्या बाबाजीनं माझ्यादेखत सोडलेला तो एकच मासा. त्याच्या लेखी सोडण्याचंही एक कारण असावं लागतं. फोटो हे कारण नव्हे.

लेखी कायदे आहेतच. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६०चा आहे. पण कुठल्याही कलमात ‘तांबडा डाग दिसला तर गळ गुंडाळावा’ असं लिहिलेलं मला आढळलं नाही. ते पाळीवरच लिहिलेलं असतं, आणि वाचून दाखवायला एक म्हातारा लागतो. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते. जंगलाची भाषा त्यांनी तिथल्या माणसांकडून घेतली, असं ते सांगत. माझ्यासारख्याला ती घ्यायला एका मरळीचा जबडा फाडावा लागला.

पाचवा नियम जाळ्याच्या दिवसाचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोसायटी मोठं जाळं ओढते. पहाटेच दोन्ही काठांवर माणसं उभी राहतात, डोंग्यातून जाळं पसरलं जातं आणि हळूहळू आवळत आणलं जातं. त्या दिवशी हौशी माणसानं काठी घरी ठेवायची. पाळीवर उभं राहून सल्ले द्यायचे नाहीत. व्हिडिओ काढायचा असेल तर निदान दोराला हात लावून मग काढायचा. मी हात लावला. दहा मिनिटांत तळहाताची सालं निघाली. माझ्या पुढं जी बाई दोर ओढत होती, तिनं मागं वळून बघितलं आणि कीव येऊन म्हणाली, “भाऊ, तुमी मोजाच्या कामाले लागा.” मी वही धरून बसलो. कतला किती, रोहू किती, मृगळ किती. हिशेब लिहिताना लक्षात आलं, की माझ्या वर्षभराच्या रविवारांची बेरीज या टोपल्यांच्या तळाशीसुद्धा दिसणार नाही. आणि या टोपल्यांतून बीजाचा खर्च, ठेक्याची रक्कम, जाळ्याची दुरुस्ती वजा जाऊन जे उरतं, ते इतक्या घरांत वाटायचं असतं.

मी दोन किलोची रोहू विकत घेतली. एका तरुणानं प्रेमानं ती तिथंच साफ करून, तुकडे करून दिली. घरी पिशवी ठेवली आणि सहज म्हटलं, “आज लागली एकदाची.”

बायकोनं पिशवीत डोकावून पाहिलं. “गळाला खवले काढायची पण सोय आहे का?” मग तुकडे मोजून म्हणाली, “आणि डोकं अर्धं करून?”

मी पाळीवरचा शिष्टाचार पाळला. म्हटलं, “नाई जी.”

त्यानंतर बरेच रविवार गेले. कार्बन फायबरचे दोन तुकडे आता वांग्याच्या रोपांना आधार देतात. फलक अजून तसाच आहे. सोसायटी नवीन करणार म्हणते, पण काय लिहायचं यावर एकमत होत नाही. कारण जे लिहिता येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जे ठाऊक असायला हवं ते पत्र्यावर मावत नाही. बाबाजीला विचारलं तर तो म्हणतो, “लिवा, आधी विचारा.”

तेव्हा कधी आमच्या जिल्ह्यात आलात आणि स्कूटरला गळ बांधून तलावावर जायची हुक्की आली, तर एवढं करा. फलक वाचू नका, माणूस शोधा. तो बहुधा तुमच्या मागंच उकिडवा बसलेला असेल. ‘कोनाकडचे’ म्हणून विचारील, तेव्हा रागावू नका. मामीचं माहेर आठवा. तो तुडुमाकडं नको म्हणाला तर जाऊ नका, तांबडा डाग दाखवला तर काठी गुंडाळा. आणि काहीच लागलं नाही तर सोसायटीच्या काट्यावरून मोजून, रोख पैसे देऊन घ्या. फक्त साफ करून घेऊ नका.